धारेवरून परत

वैनी, तुला माती देऊन आज पाच दिवस झाले. घरात माणसं भरपूर आहेत, पण घर कसं चालतं ते कुणालाच ठाऊक नाही. काल सकाळी चहाला साखर सापडेना. तुझ्या लेकीनं, पल्लवीनं, तीन डबे उघडले. चौथ्यात मेथीदाणे निघाले, तेव्हा ती ओट्याला टेकून तशीच उभी राहिली. मी बिनसाखरेचा चहा पिऊन टाकला. दादानंही प्यायला. तुझा नवरा कमी साखरेवरून किती बोलायचा, आणि काल त्याला कळलंसुद्धा नाही.

मी लिहायला बसले आहे, कारण एक गोष्ट तुझ्याशी बोलायची राहून गेली. खरं तर बोललो आपण, शंभर वेळा बोललो, पण दर वेळी भांडण तिथंच अडकलं.

तू आमच्या घरात आलीस ते साल लातूर जिल्हा झाल्याचं. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं आणि उदगीरच्या आमच्या भांड्यांच्या दुकानात महिनाभर दुसरा विषय नव्हता. तुझं माहेर देगलूर, नांदेड जिल्ह्यातलं. कुणीतरी म्हणालं, पोरीचं नशीब, जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात आली. तू खाली मान घालून माझ्या कानात पुटपुटलीस, "जिल्हा नवा हाय, घागर जुनीच असंल की." मी फिसकन हसले आणि आईची बोलणी खाल्ली. तुझी-माझी ओळख ती तिथून.

मी तेव्हा चौदाची, तू विसाची. तरी रीतीप्रमाणं तू मला 'सुधाक्का' आणि 'तुमी' म्हणायचीस, मी तुला 'वैनी' आणि 'तू'. नणंद पोरगी असली तरी भावजयीनं तिला मान द्यायचा, अशी ही उलटी रीत. इतक्या वर्षांत तू ती एकदाच मोडलीस. कुठं मोडलीस ते पुढं येईलच.

माझं लग्न धर्माबादला झालं आणि दीड वर्षात मी परत आले. तिथं काय घडलं ते मी एकट्या तुलाच सांगितलं होतं आणि ते तू कुणाला सांगितलं नाहीस. दार उघडलंस, माझ्या हातातली पेटी घेतलीस आणि विचारलंस, "भाकरी गरम हाय, वाढू का?" बाकी सगळ्या उदगीरनं दुसरे प्रश्न विचारले. नंतर मी डी.एड. केलं, लातूरला शाळेत लागले, दोन खोल्यांचं माझं घर झालं. पण दादाच्या तोंडी एक वाक्य बसलं ते बसलंच. मी कशिदा अर्धा टाकला, स्कूटर शिकायची सोडली, काही झालं की तो हसत म्हणायचा, "आमची सुधा म्हंजे अर्ध्या वाटेतून परत." मनात काही नसायचं त्याच्या. मीही हसायचे. तू मात्र हसायची नाहीस, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मग तो दुष्काळाचा हिवाळा आला, ज्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माझ्याकडे नळ पंधरा-वीस दिवसांनी यायचा, तुमच्याकडे उदगीरला त्याहून बरं नव्हतं. सगळं बोलणं टँकर, ड्रम, बोअर एवढंच. पल्लवी आदल्या वर्षी पुण्याच्या मैत्रिणींबरोबर गढवालात बर्फातून चालायला गेली होती. तिचे फोटो तू फोनवर बघितलेस. सफेद डोंगर, त्यावरून एक पायवाट आणि मुंग्यांसारखी माणसं. दुसऱ्या दिवशी मला फोन केलास.

"अक्का, मला तिथं चालायचंय."

"कशाला?"

"कशाला न्हाई. त्येच तर. पाण्याला चालले, सरपणाला चालले, दुकानात डबा घेऊन रोज चालते. आता कशालाच न्हाई, नुसतं चालायचंय. तुमचे दादा दुकान सोडून येत न्हाईत. तुमी चला."

मी अठ्ठेचाळीसची होते, तू चोपन्नची. मी नाही म्हणायच्या तयारीत होते, तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला, "सुधा? ती दिल्लीवरूनच परत येईल बघ." मी म्हटलं, "येते."

दोन महिने तू पाठीवर ज्वारीचं पोतडं बांधून किल्ल्याला फेऱ्या मारल्यास. आयुष्यात पहिल्यांदा बूट घातलेस, ते चावले, तर टाचांना खोबरेल लावून पुन्हा घातलेस. बायकांनी विचारलं की म्हणायचीस, "बर्फात जायची तयारी करून राहिले." त्यांना वाटायचं चेष्टा आहे. नांदेडहून आपण गाडीत बसलो तेव्हा तुझ्या अंगावर हिरवी साडी होती. सांकरीला, जिथून चढाई सुरू होते त्या गावात, तू पँट घालून खोलीबाहेर आलीस आणि पदर नसताना दोन्ही हातांनी पदर सावरलास. मी हसत सुटले. तू म्हणालीस, "हसा. तुमी पन कवायतीच्या मास्तरीणबाई दिसायलात."

तिथं चौकीत नाव-गाव लिहायचं रजिस्टर होतं. त्यात तू जिल्ह्याच्या रकान्यात चक्क 'उदगीर' लिहिलंस. तेव्हा उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठली होती. दर झेंडावंदनाला उठायची. मी पेन घेऊन खोडायला गेले तर हात धरलास.

"ऱ्हाऊ द्या. तुम्हा लातूरवाल्यांना येका रातीत मिळाला जिल्हा. आमी इतकी वर्षं वाट बघून राहिलो. इथं तरी होऊ द्या."

"खोटं आहे ते."

"बर्फाला काय कळतंय?"

हे भांडणही आपलं पुरं झालं नाही. उदगीर अजून तालुकाच आहे, वैनी. मी जिंकले म्हणायला हवं, पण जिंकून सांगू कुणाला?

पहिले दोन दिवस आठवले की अजून बरं वाटतं. देवदारांखालून वाट, बुटाखाली बर्फ कुरकुरायचं, साखरेवर पाय दिल्यासारखं. बिरेंद्र नावाचा वाटाड्या होता, तिशीतला, कमी बोलणारा. तो म्हणाला, "आंटी, थोड़ा जल्दी." तू त्याला आपल्या दखनीत ऐकवलंस, "जल्दी नक्को करो भाई, हम आरामसे आते." त्याला ते 'नक्को' इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या तंबूंत नक्को-नक्को सुरू झालं.

सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन तू तंबूतच पूजा करायचीस. पाणी बर्फ वितळवून मिळायचं. पहिल्या दिवशी तू मोठ्या आशेनं पातेलंभर बर्फ भरून स्टोव्हवर ठेवलंस आणि खाली तांब्याभर पाणी उरलं, तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला. "बघा अक्का! हे बी टँकरसारखंच. दिसायला लई, हातात यायला येवढंसं."

तुझी चाल मात्र बिरेंद्रनं दुसऱ्याच दिवशी हेरली. सगळे धापा टाकत थांबत होते, आणि तू मागून एका लयीत यायचीस, कुठं न थांबता. त्यानं विचारलं, "आंटी, ये चलना किसने सिखाया?" तू म्हणालीस, "हमारी अम्मा ने. मिट्टी ढोती थी." मग रात्रीच्या जेवणाला मला सांगितलंस. बहात्तरच्या दुष्काळात तू दहा वर्षांची होतीस. देगलूरकडं तलावाच्या बांधावर तुझी आई पाट्या टाकायला जायची, आणि वय वाढवून सांगून तूही. जी बाई घाईनं बांध चढायची ती दुपार व्हायच्या आतच दमून बसायची. आई तुला तेलगूत सांगायची, मेल्लगा, मेल्लगा. हळूहळू. पाऊल पुरं टेकायचं, पाय सरळ होऊ द्यायचा, एक दम घ्यायचा, मग दुसरं. मला तीस वर्षांत हे तू कधी सांगितलं नव्हतंस. मी म्हटलं, का नाही सांगितलं? तू म्हणालीस, "तुमी इचारलं कवा?"

शिखराच्या दिवशी आपण झुंजुमुंजूच्या आधी निघालो आणि उजाडेपर्यंत झाडं संपली. पुढं नुसती धार. तिकडं डोंगराच्या पाठीला धार म्हणतात आणि ती खरंच धारेसारखी होती. बर्फावर एका माणसापुरती वाट तुडवलेली, डावीकडून वारा आणि उजवीकडं उतार थेट खाली गेलेला. सगळ्यांच्या बुटांना लोखंडी काटे बांधले होते. आपला गट पुढं गेला होता, दुसऱ्या वाटाड्याबरोबर. मागं बिरेंद्र, मध्ये मी, माझ्यापुढं दहा-पंधरा पावलांवर तू.

वाऱ्यानं बर्फाची भुकटी उडाली, मी तोंड उजवीकडं फिरवलं आणि खाली पाहिलं. पुढचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की मी बसले होते, दोन्ही हातांनी काठी बर्फात रोवून धरली होती आणि हात सुटत नव्हते. बिरेंद्र सांगत होता, "मैडम, उठना पड़ेगा, बैठने से ठंड लगेगी." मला ऐकू येत होतं, पण ते दुसऱ्याच कुणाला सांगत असल्यासारखं.

तू मागं वळून पाहिलंस. बिरेंद्र ओरडला, "आंटी, आप ऊपर जाइए, आधा घंटा है! इनको मैं नीचे ले जाऊँगा."

तू वर पाहिलंस. वैनी, मी ते बघितलं. वर शिखरावर आपल्या गटातली माणसं दिसत होती, लाल-निळी जाकिटं घातलेली, हात हलवणारी. तू पुरेसा वेळ पाहिलंस. मग वळलीस आणि त्याच चालीनं, एकेक पाऊल पुरं टेकत, माझ्याकडं उतरलीस. माझ्या उजव्या अंगाला, दरीच्या बाजूला येऊन बसलीस, म्हणजे मला दरी दिसू नये.

"सुधा," तू म्हणालीस. "ऊठ."

अक्का नाही, तुमी नाही. आईनंतर मला तसं कुणी बोललं नव्हतं.

"वैनी, तू जा वर. एवढी आलीस."

"गप. माझ्या तोंडाकडं बघ. खाली बघू नको. काठी सोड."

"सुटत नाही."

तू हातमोजे काढलेस, तुझे आणि माझेही, आणि माझी बोटं एकेक करून सोडवलीस. मी रडत होते. रडता रडता मी बोलून गेले, "दादा म्हणेल, आली अर्ध्या वाटेतून." तू माझे हातमोजे मला परत चढवलेस. बिरेंद्रनं माझ्या कमरेला दोर बांधला, तू माझ्यापुढं झालीस, आणि आपण उतरायला लागलो. "पाऊल टाक. दम घे. मेल्लगा. आता दुसरं." तासभर तू हेच म्हणत होतीस. धार संपून डोंगर रुंद झाला, झाडं लागली, तिथं तू थर्मास काढलास, कपात चहा ओतलास आणि म्हणालीस, "घ्या अक्का, तुमी आधी घ्या." रीत परत सुरू झाली.

परतीच्या गाडीत दोन दिवस मी फारसं बोलले नाही. तू खिडकीशी बसून शेंगा खाल्ल्यास. नांदेड आलं. मोठी पिशवी खांद्याला लावून तू चांगली टणटणीत उतरलीस. मग फलाटावर दादा दिसला आणि तू लंगडायला लागलीस.

मी आधी खरंच घाबरले. दादा धावत आला. "काय झालं?"

"गुडघा गेला वो माझा. अर्धा तास ऱ्हायला होता. सुधाक्का आरामात पोचल्या असत्या. पन मला टाकून गेल्या न्हाईत. माझ्यासाठी परत फिरल्या."

मी तोंड उघडलं. दादानं माझ्याकडं पाहिलं, कसं पाहिलं ते मला सांगता येत नाही, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. "चल," एवढंच म्हणाला. मी तोंड मिटलं.

त्या दिवसापासून तो 'अर्ध्या वाटेतून परत' कधी म्हणाला नाही.

तुझी ती गोष्ट सगळ्या उदगीरभर झाली. लग्नात, बारशात, भिशीत, कुठंही भेटल्या की बायका म्हणायच्या, नणंद असावी तर अशी. मला घास गिळवेना. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुझ्याकडे आले तेव्हा आपण मागच्या दारी भांडी घासत होतो, एका बादलीत सगळी. मी म्हटलं, "वैनी, मी खरं सांगून टाकते."

"काय खरं?"

"तुझा गुडघा दुखत नव्हता."

"गुडघा माझा हाय. कवा दुखायचं ते मी ठरवीन."

"तू मला खोटारडी केलंस."

"खोटं मी बोलले. तुमी नुसत्या गप बसलात."

"गप बसणं पण खोटंच."

"मग बसा अजून थोडं," तू म्हणालीस आणि माझ्यापुढं परात सरकवलीस.

पुढं दरवर्षी एकदा-दोनदा आपलं हेच व्हायचं. मी चिडायचे, तू हसण्यावारी न्यायचीस. मला राग कशाचा होता ते आता सांगते. तुला काही वाटलंच नाही असं तू दाखवायचीस, आणि मला ठाऊक होतं की वाटलं होतं. एका दिवाळीत मी माडीवर आले तर तू एकटी पल्लवीचा फोन घेऊन बसली होतीस. आपल्या गटातल्या कुणीतरी पाठवलेला शिखरावरचा फोटो होता. तू दोन बोटांनी तो मोठा करत होतीस, मग इकडं सरकवायचीस, तिकडं सरकवायचीस, जणू फोटोच्या कडेबाहेर अजून काही दिसेल. मी पाय न वाजवता खाली गेले. तेव्हा तुझ्याजवळ बसायला हवं होतं. तू माझ्यासाठी काय सोडलंस ते मला कळलंय, एवढं म्हणायला हवं होतं. आपल्या घरात आभार मानायची भाषाच नाही, वाढू का, जेवलीस का, एवढीच आहे.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी तुझ्या उशाशी होते. ठरवून आले होते की आज बोलायचं. तू डोळे उघडून विचारलंस, "नळ आला का?" मी म्हटलं, आला, सगळं भरून ठेवलंय. तू म्हणालीस, "हाव, मग ठीक." आणि झोपलीस. मी म्हटलं, झोपू दे, उद्या बोलू.

काल दुपारी बायका भेटायला आल्या. त्यातल्या एकीनं डोळे पुसत तीच गोष्ट काढली, बर्फातली. मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तसं नाही झालं. मी भ्याले. मी बसले. वैनी माझ्यासाठी परत आली. तिचा गुडघा धड होता." मग तीच बाई माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "बघा, आजसुदीक मोठेपणा घेईना झाल्यात." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. तुझं खोटं इतकं मजबूत निघालं, वैनी, की माझं खरं त्याच्यापुढं टिकलं नाही.

त्या गेल्यावर मी बाहेर आले. दादा ओसरीवर बसला होता. आतलं सगळं त्याला ऐकू आलं होतं.

"खरं म्हणालीस का?" त्यानं विचारलं.

"हो."

"किती ऱ्हायला होता डोंगर?"

"अर्धा तास. वैनी सहज गेली असती."

तो रस्त्याकडं बघायला लागला. मी वाट बघत होते, आता रागावेल, इतकी वर्षं का लपवलंत म्हणेल. तो म्हणाला, "मी तुला ते अर्ध्या वाटेचं म्हणायचो. म्हणून तिनं..." आणि वाक्य तिथंच सोडलं. मग मान हलवून म्हणाला, "बरं केलं तिनं."

त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर घेतलं.

"महिनाभर तेल चोळलं मी तिच्या गुडघ्याला. तिळाचं. रोज गरम करून."

मला हे ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, "महिनाभर?"

"आधी उजव्या. मग एक दिवस बाईनं डावा पुढं केला. मी म्हटलं, अगं, काल उजवा होता की! तर म्हणती कशी, दुखणं सरकलंय वो."

दादा हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्यानं, तोंडावर उपरणं धरून. चार दिवसांत त्याच्या घशातून चहाशिवाय काही उतरलं नव्हतं आणि तो हसत होता. मीही सुटले. आम्हांला थांबताच येईना. तो 'सरकलंय वो' म्हणायचा आणि आम्ही पुन्हा सुरू. आवाज ऐकून आतून पल्लवी पिठाच्या हातांनी धावत आली, तिला वाटलं आम्ही रडतोय. ती आमच्यात येऊन बसली तोवर तेही खरं झालं होतं.